ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरतं, तेव्हा पाय काढायचा नसतो : एबीएस आणि ईएससीची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात ओपीडीत एक जुने पेशंट आले. वय ४८, माझ्याकडे त्यांच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत. या वेळी तक्रार वेगळी होती. शर्ट काढल्यावर उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत निळाजांभळा पट्टा उमटलेला दिसला. सीटबेल्टचा वळ. बेल्ट लावला नसता तर हे गृहस्थ माझ्यासमोर बसलेले नसते, हे मी त्यांना आधी सांगितलं. सोबत आलेल्या वहिनींच्या मनगटाला प्लास्टर होतं.

"डॉक्टर, आंबा घाट उतरत होतो. वळणापलीकडे टेम्पो थांबलेला. मी जोरात ब्रेक दाबला, तर पेडलच उसळायला लागलं. खालून खर्रर्र आवाज. मला वाटलं ब्रेक गेला. पाय काढला, परत दाबला, परत तेच. तोवर धडकलो. आणि गॅरेजवाला म्हणतो, ब्रेकमध्ये काहीच दोष नाही. खोटं बोलतोय ना?"

गॅरेजवाला खरं बोलत होता. ब्रेक उत्तम चालत होते. पेडल थरथरत होतं, म्हणजे गाडीतली एबीएस ही यंत्रणा तिचं काम करत होती, आणि नेमक्या त्या क्षणी त्यांनी पाय उचलला.

त्यांना हसू नका. काही वर्षांपूर्वी नव्या गाडीत, पहिल्याच पावसात, मीही हेच केलं होतं. समोर कोणी नव्हतं म्हणून निभावलं. गाडीसोबतचं जाडजूड पुस्तक मी उघडलंही नव्हतं. पेशंटला "औषधाच्या खोक्यातला कागद वाचत जा" असं रोज सांगणारा मी!

घरी येऊन मग या विषयावर वाचायला बसलो. मला वाटलं होतं पाच मिनिटांचं काम आहे. निघाली शंभर वर्षांची गोष्ट, आणि तीही औषधांच्या इतिहासासारखीच. औषध शोधलं जातं, ते काम करतं, आणि तरीही माणसं अपेक्षेइतकी बरी होत नाहीत. कारण औषध कसं घ्यायचं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आधी मुळातली अडचण समजून घेऊ. ब्रेक गाडीला थांबवतो असं आपण म्हणतो, पण ब्रेक फक्त चाकाला थांबवतो. गाडीला थांबवते ती टायर आणि रस्ता यांच्यातली पकड. चाक फिरत असताना, थोडंसंच घसरत असताना, ही पकड सर्वांत चांगली असते. चाक पूर्ण जाम झालं की टायर रस्त्यावरून नुसता घासत जातो. ओल्या रस्त्यावर तर साबणासारखा. त्याहून वाईट म्हणजे पुढची चाकं जाम झाली की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी वळत नाही. ती जिकडे निघाली होती तिकडेच सरळ जाते.

म्हणून आमच्या पिढीला गाडी शिकवताना एक मंत्र दिला जायचा. मी वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीवर शिकलो. पावसात गाडी घसरायला लागली की शेजारी बसलेले वडील ओरडायचे, "पंप कर, पंप कर!" ब्रेक दाब, सोड, दाब, सोड. चाक जाम झालं की सोडायचं, फिरायला लागलं की पुन्हा दाबायचं. त्या गाडीसाठी हा सल्ला अगदी बरोबर होता. तीस वर्षं तो आमच्या पायात मुरला. माझ्या पेशंटने घाटात केलं ते हेच. चूक एवढीच की गाडी बदलली होती आणि पाय जुनाच होता.

हे दाबणं-सोडणं यंत्राकडून करून घेता येईल, ही कल्पना आधी विमानवाल्यांना सुचली. विमान धावपट्टीवर उतरतं तेव्हा त्याचा वेग प्रचंड असतो. चाक जाम झालं तर टायर एकाच जागी घासून फुटतो. वैमानिक चाकांपासून इतका लांब आणि उंच बसलेला असतो की कोणतं चाक जाम झालंय हे त्याला कळतही नाही. फ्रान्समध्ये गाब्रिएल व्हॉइझाँ यांनी १९२०च्या दशकातच विमानासाठी असे प्रयोग केले होते. पण खरी चालली ती ब्रिटनच्या डनलॉप कंपनीची 'मॅक्सारेट' ही यंत्रणा, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला. तिच्यात इलेक्ट्रॉनिक्स काहीच नव्हतं. विमानाच्या चाकासोबत फिरणारं एक छोटं जड चक्र होतं. चाक अचानक थांबलं तरी ते चक्र आपल्या वेगात फिरत राहायचं, आणि त्या फरकानेच एक झडप उघडून ब्रेकचा दाब कमी व्हायचा. चाक पुन्हा फिरू लागलं की झडप बंद. ओल्या धावपट्टीवर याचा इतका फायदा दिसला की विमानांत ही यंत्रणा लवकरच रुळली.

रस्त्यावर यायला मात्र तिला वेळ लागला. १९५८ साली ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने मॅक्सारेट एका मोटरसायकलवर बसवून पाहिली. आपल्याकडच्या वाचकांना गंमत वाटेल, ती मोटरसायकल होती रॉयल एनफिल्ड सुपर मीटिअर. चाचण्यांत दिसलं की निसरड्या रस्त्यावर चाक जाम होऊन पडण्याचा धोका यामुळे बराच कमी होतो. पण कंपनीच्या तांत्रिक प्रमुखांना त्यात भविष्य दिसलं नाही आणि विषय तिथेच संपला. कारखान्यातून एबीएस घेऊन निघालेली पहिली मोटरसायकल बीएमडब्ल्यूची, १९८८ची. मधली तीस वर्षं वाया गेली. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेली जी मुलं मी इंटर्नशिपमध्ये पाहिली, ती आठवली की या तीस वर्षांचं मला फार वाईट वाटतं.

मोटारीत १९६६ साली जेन्सन एफएफ या महागड्या ब्रिटिश गाडीने मॅक्सारेट वापरली, पण त्या गाड्या जेमतेम सव्वातीनशे बनल्या. पुढे अमेरिकन कंपन्यांनीही प्रयत्न केले. अडचण अशी की एकेका चाकावर वेगवेगळं लक्ष ठेवून क्षणात निर्णय घेणं हे यांत्रिक चक्राच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्याला मेंदू हवा होता. जर्मनीत मर्सिडीजने टेल्डिक्स कंपनीबरोबर १९७० साली इलेक्ट्रॉनिक एबीएस पत्रकारांना दाखवली, पण तिच्यातले शेकडो सुटे भाग रोजच्या वापरात टिकतील याची खात्री नव्हती. गाडी बर्फात उभी राहणार, उन्हात तापणार, खड्ड्यांत आदळणार. ब्रेकवर हुकूम चालवणारं यंत्र "कधी कधी" बिघडून चालत नाही. बॉशच्या अभियंत्यांनी डिजिटल सर्किट वापरून भागांची संख्या खूप खाली आणली, आणि ऑगस्ट १९७८मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये ती जगासमोर आली. दाखवण्यापासून विकण्यापर्यंत आठ वर्षं. नवीन औषध बाजारात यायला एवढा वेळ का लागतो असं विचारणाऱ्यांना मी हल्ली हे उदाहरण देतो.

तर, चाकाजवळचा सेन्सर वेग मोजतो, चाक जाम व्हायला लागलं की यंत्र त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करतं आणि पुन्हा आवळतं. एका सेकंदात कितीतरी वेळा. तुमचा पाय कितीही तयार असला तरी त्याला हे जमणार नाही, आणि चार चाकांसाठी वेगवेगळं तर नाहीच. हे होताना ब्रेकच्या तेलाचा दाब मागेपुढे होतो, तो पेडलमधून तळपायाला जाणवतो. तीच ती थरथर, तोच तो खर्रर्र आवाज.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. खरी मजा पुढे आहे.

१९८०च्या दशकात म्युनिच शहरात एका टॅक्सी कंपनीच्या गाड्यांवर अभ्यास झाला. काही टॅक्सींना एबीएस, काहींना नाही, बाकी गाड्या सारख्या. सगळ्यांची अपेक्षा होती की एबीएसवाल्या टॅक्सींचे अपघात कमी होतील. तीन वर्षांनी हिशेब केला तर दोन्हींच्या अपघातांत जवळजवळ फरकच नाही! मग काही निरीक्षक गिऱ्हाईक बनून टॅक्सीत बसले. ड्रायव्हरला पत्ता नाही. त्यांना दिसलं की एबीएस असलेले ड्रायव्हर जास्त जोरात ब्रेक मारतात, वळणं जास्त वेगात घेतात, पुढच्या गाडीच्या जास्त जवळ जातात. यंत्राने जेवढी सुरक्षितता दिली, तेवढी त्यांनी वेगात खर्च करून टाकली. नंतर कंपनीने दुरुस्तीच्या खर्चातला वाटा ड्रायव्हरच्या खिशातून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा अपघात खरोखर कमी झाले.

हा प्रकार मला नवीन नाही. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली की काही पेशंट निर्धास्तपणे मिसळीवर कट मागवतात. "आता गोळी आहे ना, डॉक्टर!"

अमेरिकेत १९९०च्या दशकात एबीएस सर्रास आली, तेव्हाही निकाल बुचकळ्यात टाकणारे होते. समोरच्या गाडीवर आदळण्याचे प्रकार कमी झाले, पण गाडी एकटीच रस्त्याबाहेर जाऊन झालेले जीवघेणे अपघात वाढलेले दिसले. तिथल्या सरकारी संस्थेच्या २००९च्या अहवालाने हिशेब मांडला तो असा : मोटारींचे एकूण अपघात एबीएसमुळे साधारण ६ टक्क्यांनी कमी झाले, पण जीवघेण्या अपघातांवरचा एकूण परिणाम जवळपास शून्य. का, यावर बरीच चर्चा झाली. काही जण घाबरून पाय उचलत होते. काही जण पंप करत होते. काही जण आता वळवता येतंय म्हणून स्टिअरिंग इतकं झटकन फिरवत होते की गाडी रस्त्याखाली जात होती. या कारणांपैकी कोणाचा वाटा किती, हे नेमकं सुटलेलं नाही. लोकांना शिकवण्यासाठी तिथे तीन शब्दांचं सूत्र निघालं, ज्याचा मराठीत अर्थ असा : जोरात दाबा, दाबून धरा, आणि वळवा.

यातला तिसरा शब्द लोक विसरतात. एबीएसचं मुख्य काम गाडी कमी अंतरात थांबवणं हे नाहीच. ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही गाडी वळवता यावी, हे तिचं मुख्य काम आहे. थांबायचं अंतर ओल्या डांबरावर बहुधा कमी होतं. पण सुट्या खडीवर, वाळूवर ते उलट वाढू शकतं. कारण तिथे जाम झालेलं चाक स्वतःपुढे खडीचा ढीग गोळा करतं आणि तोच ढीग गाडीला अडवतो. एबीएस चाक फिरतं ठेवते, म्हणून तो ढीग होत नाही. रस्त्याचं काम चालू असेल तिथे हे लक्षात ठेवा.

आता ईएससी. काही कंपन्या तिला ईएसपी म्हणतात. फेब्रुवारी १९८९मध्ये मर्सिडीजचे एक अभियंते, फ्रँक-व्हेर्नर मोन, स्वीडनमध्ये चाचणीची गाडी चालवताना बर्फावरून घसरून रस्त्याकडेच्या खड्ड्यात गेले. एबीएस त्यांना वाचवू शकली नाही, कारण प्रश्न ब्रेकचा नव्हता, गाडी आडवी फिरण्याचा होता. तिथून विचार सुरू झाला : गाडी वळताना प्रत्यक्षात किती फिरतेय हे मोजलं, आणि ड्रायव्हरला किती वळायचंय हे स्टिअरिंगवरून ओळखलं, तर दोन्हींतला फरक यंत्राला कळेल. मग एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करता येईल. गाडीचा मागचा भाग बाहेर सटकत असेल तर बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक रोखायचं. गाडी वळायला तयारच नसेल तर आतल्या बाजूचं मागचं. बॉशमध्ये अँटोन व्हान झांटेन यांच्या गटाने हे काम तडीस नेलं आणि १९९५ साली मर्सिडीजच्या मोठ्या एस-क्लास कूपेमध्ये ते आलं. श्रीमंतांची सोय म्हणून.

ती सगळ्यांपर्यंत पोचली एका फजितीमुळे. ऑक्टोबर १९९७. मर्सिडीजची छोटी, उंच बांध्याची नवी ए-क्लास नुकतीच बाजारात आलेली. स्वीडनमधलं एक मोटार मासिक प्रत्येक गाडीची एक ठरावीक चाचणी घ्यायचं : रस्त्यात अचानक एल्क आला असं समजून गाडी झटकन एका बाजूला आणि लगेच परत मूळ रस्त्यावर आणायची. एल्क म्हणजे हरणाच्या कुळातलं, घोड्याहून उंच जनावर. उंच पायांमुळे धडकेत त्याचं धड थेट काचेवर येतं, म्हणून तिथे ही चाचणी चेष्टेची नाही. ए-क्लास त्यात चक्क उलटली. पूर्व जर्मनीची जुनाट ट्राबांट हीच चाचणी पार करते, यावरून मग विनोदांना ऊत आला. कंपनीने आधी नाकं मुरडली, पण शेवटी विक्री थांबवली, गाड्या परत बोलावल्या आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएसपी बसवली. छोट्या गाडीत लाखोंनी बसवायची म्हटल्यावर ती स्वस्त झाली.

आणि इथे निकाल अगदी वेगळे आले. अमेरिकेतल्या अभ्यासांत गाडी एकटीच घसरून किंवा उलटून होणारे जीवघेणे अपघात ईएससीमुळे जवळपास निम्मे झाले. सीटबेल्टनंतर एवढा मोठा आकडा क्वचितच दिसला होता. तिथे २००७मध्ये नियम झाला आणि २०१२च्या मॉडेलपासून ती सक्तीची झाली. युरोपात २०१४पर्यंत सर्व नव्या मोटारींत.

एबीएसला न जमलेलं ईएससीला का जमलं? माझं मत सांगतो, ते डॉक्टरचं मत आहे, अभियंत्याचं नाही. एबीएस तुमच्याकडून काहीतरी मागते : पाय रोवून धरा, घाबरू नका, वळवा. ईएससी काही मागत नाही. तुम्हाला कळायच्या आत तिचं काम झालेलं असतं, डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं चित्र दोनदा लुकलुकतं, बस. लस आणि दिवसातून चार वेळा घ्यायची गोळी यांत जो फरक, तोच.

त्यामुळेच ईएससी बंद करायचं जे बटण असतं, ते उगाच दाबू नका. गाडी चिखलात किंवा वाळूत रुतली असेल तेव्हा बाहेर काढण्यापुरतं त्याचं काम. बाहेर पडलात की परत चालू करा.

पण लसीलाही मर्यादा असते. ही दोन्ही यंत्रं असलेली पकड वापरतात, नवीन पकड निर्माण करत नाहीत. टायर गुळगुळीत झाला असेल तर जगातलं सर्वांत हुशार यंत्रही काही करू शकत नाही. (नक्षीची खोली १.६ मिमी ही कायद्याची शेवटची पायरी आहे, पावसाळ्यासाठी ती पुरेशी समजू नका.) आणि वेगाचा हिशेब क्रूर आहे. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ताशी ६० किमीवरून नुसत्या ब्रेकने थांबायला साधारण १८ मीटर लागतात. ताशी १०० वरून जवळजवळ ५०. ओल्या रस्त्यावर तेच ८० मीटरपर्यंत जातं. मेंदूने धोका ओळखून पाय पेडलवर जाईपर्यंत गेलेले तीसेक मीटर यात धरलेले नाहीत, आणि ते कोणतंही एबीएस कमी करू शकत नाही.

आपल्याकडे २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत दुचाकीवरची सर्वांत जास्त. १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीची झाली. ऑक्टोबर २०२३मध्ये भारत एनकॅप सुरू झालं, त्यात तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर ईएससी लागतेच. शोरूममध्ये गेलात तर सनरूफच्या आधी हे विचारा, आणि तुम्ही घेताय त्याच व्हेरिएंटमध्ये आहे का ते विचारा.

त्या गृहस्थांना मी हे सगळं एवढं सांगितलं नाही, बाहेर पेशंट खोळंबले होते. एवढंच सांगितलं की वळ उतरले, गाडी दुरुस्त झाली, की एखाद्या रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर जा. मागेपुढे कोणी नाही हे बघा. बेल्ट लावा, ताशी ३०-४०ने चला आणि ब्रेक जीव खाऊन दाबा. थरथरू द्या. गाडी थांबेपर्यंत पाय काढू नका. चार-पाच वेळा करा. पायाला एकदा कळू दे की हा आवाज बिघाडाचा नाही. आणि गाडी चालू असताना एबीएसचा पिवळा दिवा कायम पेटून राहिला, तर तो मात्र बिघाडच. साधा ब्रेक तेव्हाही लागतो, पण ही मदत मिळत नाही. गॅरेज गाठा.

महिन्याने दोघं आले. बीपी १३०/८४. मैदानावर जाऊन आले होते. "पहिल्यांदा परत पाय उचलला हो," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा जमलं."

वहिनींचा प्रश्न वेगळा होता. मुलगा कॉलेजला स्कूटर नेतो, त्यावर सीबीएस लिहिलंय, ते म्हणजे तेच ना?

तेच नाही. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना नियमाने निदान सीबीएस लागते. तिच्यात एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो, एवढंच. चाक जाम होणं ती थांबवत नाही. बऱ्याच मोटरसायकलींवर एबीएस असते, पण फक्त पुढच्या चाकाला, म्हणजे मागचं चाक घसरू शकतं. आणि गाडी वळणात कललेली असताना साध्या एबीएसवरही विसंबायचं नाही, वेग वळणाच्या आधीच कमी करायचा. त्याला एकदा इकडे पाठवा, मीच सांगतो, असं मी म्हणालो. येताना हेल्मेट घालून ये म्हणावं.